विंडोज टाकताना ब्लू स्क्रीन येतेय? आधी कुठल्या टप्प्यावर येतेय ते बघा

पेनड्राइव्ह लावला, लोगो आला, खाली ठिपके गोल फिरायला लागले आणि धाडकन निळी स्क्रीन, दोन सेकंदात रीस्टार्ट, की परत तेच. अशा वेळी बहुतेक जण एकच करतात, परत फॉरमॅट मारून परत इन्स्टॉल, मग दुसरी आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉलची फाईल), मग कुठलं तरी कोणी बनवलेलं "लाइट" व्हर्जन, आणि यातच अख्खा दिवस जातो. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण जी माहिती हवी असते ती मशीन स्वतःच देत असतं, फक्त ती कुठे बघायची ते माहीत पाहिजे. एक म्हणजे स्क्रीनवरचा स्टॉप कोड, म्हणजे मशीन कशामुळे थांबलं ते सांगणारं नाव किंवा आकडा, आणि दुसरं म्हणजे इन्स्टॉलेशनच्या कुठल्या टप्प्यावर मशीन पडलं. कोड सगळे शोधतात, टप्पा कोणी बघत नाही, आणि माझ्या मते अर्धं निदान टप्प्यातच असतं.

आधी थोडक्यात, एका ड्रायव्हरमुळे, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमुळे, सगळंच का पडतं. साधा प्रोग्राम बिघडला तर विंडोज त्याला बंद करून पुढे जातं, पण बहुतेक हार्डवेअरचे ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतात, म्हणजे विंडोजच्या गाभ्याशी एकाच मेमरीत. तिथे ड्रायव्हरने चुकीच्या पत्त्यावर हात घातला तर पुढे चालू ठेवणं म्हणजे डिस्कवरचा डेटा खराब व्हायचा धोका, म्हणून विंडोज मुद्दाम थांबतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बसली ती याच कारणाने, त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये होता. तेव्हा ब्लू स्क्रीन हा आजार नाही, ते विंडोजने वेळेवर मारलेलं ब्रेक आहे.

आणि हो, आता ती निळीच असेल असंही नाही. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये २०२५ च्या उन्हाळ्यापासून ती काळी झाली, उदास चेहरा आणि क्यूआर कोड गेला, पण स्टॉप कोड आणि दोषी ड्रायव्हर सापडला असेल तर त्याचं नाव खाली येतं. स्क्रीन पटकन निघून जात असेल तर मोबाईलने व्हिडिओ काढा आणि नंतर पॉज करून वाचा, यापेक्षा सोपी युक्ती नाही. कोडच्या खाली "व्हॉट फेल्ड" असं लिहून डॉट एसवायएस वाली फाईल दिली असेल तर ते नाव तर सोन्यासारखं जपून ठेवा.

आता काहीही करायच्या आधी दोन गोष्टी. त्या डिस्कवर कामाचा डेटा असेल तर आधी तो बाहेर काढा, दुसऱ्या मशीनला डिस्क लावून किंवा लाइव्ह लिनक्सच्या (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सच्या) पेनड्राइव्हने, पण काढा. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं फीचर. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो तुम्हाला न विचारता चालू असतो, आणि आपण खाली बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जे बदल करणार आहोत त्यानंतर तो रिकव्हरी की मागू शकतो, ४८ आकडी. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते बहुधा, आधी लॉगिन करून ती आहे का ते बघा, लिहून ठेवा, मगच बायोसला हात लावा. ही पायरी गाळू नका प्लीज, की नसेल तर तो डेटा परत मिळवायचा रस्ता नाही.

टप्पा पहिला: पेनड्राइव्हवरून बूट झालं आणि भाषा निवडायची स्क्रीन यायच्या आधी किंवा फाईल कॉपी होताना पडलं

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या टप्प्यावर मशीन पूर्णपणे पेनड्राइव्हवरच्या छोट्या विंडोजवर चाललेलं असतं, ज्याला विनपीई म्हणतात. तुमच्या डिस्कवरचं जुनं विंडोज, त्यातले जुने ड्रायव्हर, व्हायरस, यातलं काहीही चालू नसतं. ग्राफिक्सचासुद्धा मायक्रोसॉफ्टचा बेसिक ड्रायव्हर असतो, एनव्हिडिया किंवा एएमडीचा नाही. म्हणजे इथे ब्लू स्क्रीन आली तर संशयित मोजकेच उरतात: पेनड्राइव्ह किंवा त्यातली आयएसओ खराब, रॅम, बायोसची सेटिंग, किंवा एखादं हार्डवेअर. डिस्क फॉरमॅट करून इथे सहसा काही होत नाही, तरी लोक तेच करत बसतात.

सुरुवात पेनड्राइव्हपासून. आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या आणि डाउनलोड पेजवर दिलेला एसएचए २५६ हॅश (फाईलचा ठसा) जुळवून बघा, चालू असलेल्या दुसऱ्या विंडोज मशीनवर सर्टयुटिल या कमांडने तो एका ओळीत निघतो. हॅशमधलं एक अक्षर जरी वेगळं असेल तर ती आयएसओ टाकून द्या. मग किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किंवा रुफस या टूलने नव्याने बनवा. पेनड्राइव्ह जुना, घासलेला असेल तर दुसरा घ्या, कारण खराब पेनड्राइव्ह कॉपी करताना एरर देतोच असं नाही, कधी कधी गुपचूप चुकीचे बाइट्स देतो आणि मग ब्लू स्क्रीन अशा कोडने येते की तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

पोर्ट पण बदलून बघा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पॅनेलला नाही, मागे मदरबोर्डला थेट, आणि यूएसबी २ चा पोर्ट असेल तर तो आधी. इन्स्टॉलर कधी कधी म्हणतो की कॉम्प्युटरला लागणारा मीडिया ड्रायव्हर सापडत नाहीये, ब्राउझ करून द्या, आणि माणूस तासभर ड्रायव्हर शोधतो, तर पुष्कळ वेळा तिथे ड्रायव्हरचा काही प्रश्नच नसतो, पेनड्राइव्ह नीट वाचला जात नसतो. पोर्ट बदलला किंवा पेनड्राइव्ह परत बनवला की तो मेसेज जातो.

त्यानंतर मशीन हलकं करा. प्रिंटर, वेबकॅम, हब, जादाची हार्ड डिस्क, कार्ड रीडर, जे जे लागत नाही ते सगळं काढा, फक्त कीबोर्ड, माऊस, स्क्रीन आणि ज्या डिस्कवर विंडोज टाकायचं ती डिस्क. लॅन केबल पण काढा, त्याचं कारण पुढे येईलच. बायोसमध्ये जाऊन आधी स्टोरेजचा मोड काय आहे त्याचा फोटो काढून ठेवा, मग लोड डिफॉल्ट करा. ओव्हरक्लॉक असेल तर काढा, आणि रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल बंद करा. हे प्रोफाइल म्हणजे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकच, रोजच्या वापरात चालून गेलं तरी इन्स्टॉलच्या वेळी हजारो फाईली उलगडताना रॅमवर जो ताण येतो त्यात ते उघडं पडतं.

रॅमवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण "ड्रायव्हर एरर" म्हणून जे कोड येतात त्यातले बरेच प्रत्यक्षात रॅमचे निघतात. मेमरी मॅनेजमेंट म्हणजे १ए, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया म्हणजे ५०, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल म्हणजे ०ए, हे तीन कोड आलटून पालटून यायला लागले, म्हणजे आत्ता एक, पुढच्या वेळी दुसराच, तर ड्रायव्हर सोडा आणि रॅम पकडा. खराब ड्रायव्हर शक्यतो एकाच जागी एकाच कोडने पडतो, खराब रॅम जागा बदलत राहते. ही ओळखायची खूण लक्षात ठेवा. दोन स्टिक असतील तर एकच ठेवून इन्स्टॉल करून बघा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. मेमटेस्ट८६ प्लसचा वेगळा पेनड्राइव्ह बनवून रात्रभर चालू ठेवा, एक जरी एरर आली तरी ती स्टिक किंवा तो स्लॉट बाद समजायचा, "एकच तर आलीय" असं म्हणून सोडून द्यायचं नाही. व्हीया अनकरेक्टेबल एरर म्हणजे १२४ आला तर तो सरळ हार्डवेअरचा इशारा आहे, प्रोसेसरचं तापमान, व्होल्टेज, पॉवर सप्लाय हे बघा.

एसीपीआय बायोस एरर म्हणजे ए५ आला तर बायोस अपडेट करा, मदरबोर्ड किंवा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तंतोतंत तेच मॉडेल बघून, आणि लॅपटॉपला चार्जर लावूनच. हा कोड जुनं विंडोज नव्या बोर्डवर टाकताना जास्त दिसतो. अनसपोर्टेड प्रोसेसर म्हणजे ५डी आला तर भांडण्यात अर्थ नाही, ते विंडोज त्या प्रोसेसरवर बहुधा चालणारच नाही.

डिस्कच दिसत नाही, ही गोष्ट वेगळी पण मूळ तेच

ही ब्लू स्क्रीन नाही, पण याचा नि पुढच्या ब्लू स्क्रीनचा संबंध आहे म्हणून इथेच घेतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचा कंट्रोलर चालू असतो, एनव्हीएमई एसएसडी त्याच्या मागे लपलेली असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये त्याचा ड्रायव्हर नसला की पार्टिशनची यादी रिकामी दिसते. माणसाला वाटतं एसएसडी मेली. मेलेली नसते. बायोसमध्ये जाऊन बघा, तिथे एसएसडीचं नाव दिसत असेल तर ती ठणठणीत आहे.

इथे दोन रस्ते आहेत. मला ड्रायव्हर देण्याचा रस्ता जास्त आवडतो कारण त्यात लॅपटॉप कंपनीने ठेवलेली सेटिंग जशीच्या तशी राहते. लॅपटॉपच्या सपोर्ट पेजवर आपलं मॉडेल टाकून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी, म्हणजे आरएसटी, याचा ड्रायव्हर शोधा. तिथे बहुतेक वेळा ईएक्सई फाईल मिळते आणि लोक तीच पेनड्राइव्हवर टाकतात, मग इन्स्टॉलर म्हणतो काही सापडलं नाही. सापडणार कसं, इन्स्टॉलरला आयएनएफ, एसवायएस आणि कॅट अशा सुट्या फाईली लागतात. म्हणून ती ईएक्सई दुसऱ्या मशीनवर आधी उलगडायची, काही सेव्हन झिपने उघडतात, इंटेलच्या सेटअपला कमांड प्रॉम्प्टमधून डॅश एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स आणि फोल्डरचं नाव दिलं की फाईली त्या फोल्डरमध्ये पडतात. तो फोल्डर त्याच इन्स्टॉलच्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. मग इन्स्टॉल सुरू करून डिस्क निवडायच्या स्क्रीनवर लोड ड्रायव्हर दाबा, ब्राउझ करा, फोल्डर दाखवा. यादीत एकापेक्षा जास्त नावं आली तर व्हीएमडी लिहिलेलं घ्या, आणि यादी रिकामीच आली तर खालची "न जुळणारे ड्रायव्हर लपवा" वाली टिक काढून एकदा बघा, त्यात तुमचा कंट्रोलर नाही म्हणजे तुम्ही चुकीच्या पिढीचा ड्रायव्हर आणलाय, कारण आरएसटीची नवी व्हर्जन्स सगळ्या जुन्या प्रोसेसरना चालत नाहीत. बरोबरचा निवडून नेक्स्ट केलं की काही सेकंदात डिस्क यादीत येते.

दुसरा रस्ता म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणे, किंवा रॅपिड स्टोरेजच्या जागी एएचसीआय (डिस्कचा साधा मोड) निवडणे. कोऱ्या डिस्कवर नवीन विंडोज टाकत असाल तर हेही चालतं. पण त्या डिस्कवर आधीचं विंडोज ठेवायचं असेल, किंवा दोन डिस्क खरोखरच रेडमध्ये (एकच डिस्क म्हणून) जोडलेल्या असतील, तर याला हात लावू नका, रेड तुटलं तर डेटा गेला.

टप्पा दुसरा: फाईली कॉपी झाल्या, पहिला रीस्टार्ट झाला आणि लगेच पडलं

आता मशीन पेनड्राइव्हवरून नाही, डिस्कवरच्या नव्या विंडोजने उठायचा प्रयत्न करतंय. इथला राजा कोड म्हणजे इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, ७बी. अर्थ अगदी सरळ आहे, कर्नल जागं झालं पण ज्या डिस्कवर आपण आहोत तीच त्याला वाचता येत नाहीये, कारण स्टोरेजचा ड्रायव्हर नाही किंवा चुकीचा आहे. एक्सपीच्या काळात हा रोजचा पाहुणा होता, २००१ च्या त्या विंडोजमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हरच नव्हता आणि सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीने तो द्यावा लागायचा. आज तो येतो तो मुख्यतः बायोसमधला मोड मध्येच बदलल्यामुळे. विंडोज टाकलं रेड मोडमध्ये, नंतर कोणाचं तरी ऐकून केलं एएचसीआय, झालं, ७बी. म्हणून तो बायोसचा फोटो काढायला सांगितला होता, मोड जो होता तो परत लावा आणि बघा, बरेचदा तिथेच सुटतं.

मोड बदलायचाच असेल, विंडोज तेच ठेवून, तर त्याची पद्धत आहे. चालू विंडोजमध्ये अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिटने सेफबूट मिनिमल सेट करा किंवा सोपं म्हणजे एमएसकॉन्फिगच्या बूट टॅबमध्ये सेफ बूटची टिक मारा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, तिथे मोड बदला, सेव्ह करा, विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर, उठेल. त्या एका बूटमध्ये ते नव्या मोडचा ड्रायव्हर आपोआप चालू करून घेतं. मग टिक काढून साधं रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून अकाउंटचा पासवर्ड पाठ असू द्या.

हाच ७बी जर मोड न बदलता, ताज्या इन्स्टॉलला आला, तर लोड ड्रायव्हरमध्ये तुम्ही दिलेला ड्रायव्हरच चुकीचा असण्याची शक्यता जास्त. पेनड्राइव्हवरून परत बूट करा, इन्स्टॉलच्या पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी कमांडची विंडो उघडेल, काही लॅपटॉपला एफएन पण धरावं लागतं. तिथून डिझम कमांडने डिस्कवरच्या विंडोजमध्ये बाहेरून ड्रायव्हर घालता येतो, इमेज म्हणून ती ड्राइव्ह आणि अ‍ॅड ड्रायव्हर म्हणून तुमचा फोल्डर. लक्षात ठेवा की इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, तुमची सी इथे डी असू शकते, म्हणून आधी डीआयआर मारून कुठे विंडोज नावाचा फोल्डर आहे ते खात्री करून घ्या.

डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन, १३३, हा पण बऱ्याचदा स्टोरेजकडे बोट दाखवतो. एखाद्या ड्रायव्हरने ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त प्रोसेसर अडवून धरला की हा येतो. एसएसडीचं फर्मवेअर जुनं असेल तर कंपनीच्या टूलने अपडेट करा, सॅटा डिस्क असेल तर केबल बदला, इतकं साधं असतं कधी कधी.

टप्पा तिसरा: "गेटिंग डिव्हायसेस रेडी" वर टक्के वाढताहेत आणि ठराविक आकड्याला पडतं

हा खरा ड्रायव्हरचा टप्पा. इथे विंडोज एकेक हार्डवेअर ओळखून त्याला ड्रायव्हर लावत असतं, आणि प्रत्येक वेळी त्याच आकड्याला पडत असेल तर कुठलं तरी एक डिव्हाइस गुन्हेगार आहे. अंदाज लावत बसू नका, विंडोज याची डायरी लिहीत असतं. परत पेनड्राइव्हवरून बूट, शिफ्ट एफ१०, नोटपॅड टाइप करून एंटर, हो, इन्स्टॉलरमध्ये नोटपॅड उघडतं. फाईल ओपनमध्ये खाली ऑल फाइल्स निवडा आणि विंडोजच्या ड्राइव्हमध्ये विंडोज, मग आयएनएफ फोल्डर, त्यात सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग ही फाईल उघडा. एकदम शेवटी जा. प्रत्येक डिव्हाइसचा एक तुकडा असतो, तीन बाणांच्या खुणेने सुरू होतो, "सेक्शन स्टार्ट" आणि वेळ, आणि व्यवस्थित संपला तर उलट्या तीन बाणांनी "एक्झिट स्टेटस सक्सेस" असं लिहून बंद होतो. जो शेवटचा तुकडा सुरू झाला पण बंद झालाच नाही, तिथेच मशीन पडलं असण्याची दाट शक्यता.

त्या तुकड्याच्या पहिल्या ओळीत डिव्हाइसचा आयडी असतो, पीसीआय किंवा यूएसबी आणि पुढे व्हीईएन किंवा व्हीआयडी, त्यापुढे चार अक्षरी नंबर. पीसीआयचे नेहमीचे सांगतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडीचं ग्राफिक्स, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. एवढ्यावरून कंपनी कळते, आणि वायफाय आहे, ग्राफिक्स आहे की साउंड याचा अंदाज येतो. मग तेवढंच डिव्हाइस बायोसमध्ये डिसेबल करा किंवा शक्य असेल तर कार्ड काढून ठेवा, इन्स्टॉल पूर्ण करा, नंतर कंपनीचा ताजा ड्रायव्हर आधी टाका आणि मग डिव्हाइस चालू करा. ही एक फाईल वाचायला शिकलात ना, तर पुढच्या कितीतरी वेळा तुमचं काम दहा मिनिटांत होईल.

चालू विंडोजवरच अपग्रेड करत असाल, १० वरून ११, आणि मधूनच "जुन्या व्हर्जनवर परत जातोय" असं म्हणून मागे फिरत असेल तर एरर कोड बघा, सी१९००१०१ ने सुरू होत असेल तर तो ड्रायव्हरचाच गट. अपग्रेडमध्ये जुने ड्रायव्हर नव्या विंडोजमध्ये ओढून आणले जातात, हा क्लीन इन्स्टॉलशी असलेला मोठा फरक. बाहेरचा अँटिव्हायरस पूर्ण अनइन्स्टॉल करा, नुसता बंद करून भागत नाही कारण त्याचा ड्रायव्हर आत तसाच असतो. व्हीपीएन, जुनी डिस्क टूल्स, आरजीबी लाइटची आणि फॅन कंट्रोलची सॉफ्टवेअर्स पण काढा, ही शेवटची मंडळी कर्नलमध्ये काय काय घालून ठेवतात ते बघितलं तर झोप उडेल. मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग नावाचं फुकट टूल आहे, ते सेटअपचे लॉग स्वतः वाचून कारण सांगतं, ते आधी चालवा आणि मगच दुसरा प्रयत्न करा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे सध्या अपग्रेडची घाई सगळ्यांनाच आहे, पण तीन वेळा मागे फिरलं असेल तर बॅकअप घेऊन क्लीन इन्स्टॉलच करा, वेळ वाचतो.

टप्पा चौथा: डेस्कटॉप आला, हुश्श केलं, आणि पाच मिनिटांत पडलं

इथे जवळजवळ नेहमी विंडोज अपडेट पाठीमागून ड्रायव्हर उतरवत असतं, विशेषतः ग्राफिक्स आणि वायफाय. लॅन केबल काढायला सांगितली ती यासाठी, नेट नसेल तर विंडोज स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर शांत उभं राहतं आणि तुम्हाला हवा तो ड्रायव्हर हाताने टाकता येतो. क्रम असा ठेवा: आधी चिपसेट, मग स्टोरेज, मग नेटवर्क, मग ग्राफिक्स, प्रत्येकानंतर रीस्टार्ट. कंटाळवाणं आहे पण पडलं तर कोणामुळे पडलं हे लगेच कळतं, सगळे एकदम टाकले तर परत शून्यापासून.

व्हिडिओ टीडीआर फेल्युअर म्हणजे ११६ आला तर ग्राफिक्स. विंडोज ग्राफिक्स कार्डला उत्तर द्यायला साधारण २ सेकंद देतं, नाही आलं तर ड्रायव्हर रीसेट करायला बघतं, तेही नाही जमलं की ही स्क्रीन. डी१, म्हणजे ड्रायव्हर आयआरक्यूएल वाला, नेटवर्कच्या ड्रायव्हरने बऱ्याचदा येतो. ९एफ, ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर, स्लीपमध्ये जाताना किंवा उठताना. फाईलच्या नावावरून पण ओळखता येतं, एनव्हीएलडीडीएमकेएम दिसलं तर एनव्हिडिया, आयजीडीकेएमडी दिसलं तर इंटेल ग्राफिक्स, एनईटीडब्ल्यूटीडब्ल्यू दिसलं तर इंटेलचं वायफाय, आयएस्टोरने सुरू झालं तर आरएसटी. आणि एनटीओएसकर्नल दिसलं तर विंडोज खराब आहे असं समजून परत इन्स्टॉल करू नका, ते कर्नलचं स्वतःचं नाव आहे, मारणारा दुसराच असतो आणि नाव याचं येतं.

डेस्कटॉपपर्यंत टिकतच नसेल तर सेफ मोड. विंडोज उठताना दोन तीन वेळा पॉवर बटण धरून बंद केलं की रिकव्हरीची स्क्रीन येते, तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबलं की सेफ मोड, ५ म्हणजे नेटसकट, ३ म्हणजे कमी रिझोल्यूशन, आणि ९ दाबलं तर पडल्यावर आपोआप रीस्टार्ट होणं थांबतं, म्हणजे कोड निवांत वाचता येतो. ७ ने ड्रायव्हरच्या सहीची तपासणी बंद होते, पण तो पर्याय मी सुचवणार नाही, सही नसलेला ड्रायव्हर टाकायची वेळ आली असेल तर तो ड्रायव्हरच बदला. सेफ मोडमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर, ते बटण राखाडी असेल, दाबलं जात नसेल तर अनइन्स्टॉल आणि सोबत ड्रायव्हर डिलीट करायची टिक. ग्राफिक्सचा चिवट कचरा असेल तर डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) हे टूल सेफ मोडमध्ये चालवा, नेट बंद ठेवून.

तरी नाव सापडत नसेल तर विंडोजच्या फोल्डरमधल्या मिनिडंपमध्ये बघा, प्रत्येक क्रॅशची एक छोटी फाईल असते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी घ्या, ती फाईल उघडा, वर निळ्या अक्षरात अ‍ॅनालाइझची लिंक येते ती क्लिक करा, आणि खाली मॉड्यूल नेम आणि इमेज नेम शोधा. बाकीचा मजकूर नाही कळला तरी चालेल.

ड्रायव्हर आणायचा तो लॅपटॉप किंवा बोर्ड कंपनीच्या साइटवरून, नाहीतर चिप बनवणाऱ्याच्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" वाली सॉफ्टवेअर्स कृपया टाकू नका, ती बऱ्याचदा जवळपास जुळणारा ड्रायव्हर लावतात, आणि जवळपास जुळणारा स्टोरेज ड्रायव्हर म्हणजे पुढच्या रीस्टार्टला ७बी.

ज्यांना अजून विंडोज ७ टाकायचंय, एखाद्या जुन्या मशिनरीच्या सॉफ्टवेअरसाठी वगैरे, त्यांच्यासाठी एवढंच की २००९ च्या त्या आयएसओत यूएसबी ३ चा आणि एनव्हीएमईचा ड्रायव्हर नाही, त्यामुळे इन्स्टॉलर उघडतो पण कीबोर्ड माऊस मेलेले आणि डिस्क गायब. हे ड्रायव्हर डिझमने आयएसओतल्या बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम या दोन्ही फाईलींत घालावे लागतात, एकात घालून भागत नाही, कारण पहिला टप्पा बूट विमवर चालतो आणि दुसरा इन्स्टॉल विमवर. बूट विममध्ये पण दोन इमेज असतात, सेटअप दुसऱ्या नंबरच्या इमेजमधून चालतो, ड्रायव्हर तिथे गेला पाहिजे. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) चालू लागतं, आणि ज्या बोर्डमध्ये सीएसएमच नाही तिथे ७ चा नाद सोडून ते व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा.

मशीन एकदा स्थिर झालं, दोन चार दिवस नीट चाललं, की काढलेल्या वस्तू एकेक करून परत लावा, शेवटी एक्सएमपी चालू करा, आणि पीएनपीयुटिलच्या एक्सपोर्ट ड्रायव्हर कमांडने किंवा डिझमने आत्ता चालू असलेले सगळे बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. त्यात आयएनएफ फाईली सुट्याच मिळतात, म्हणजे पुढच्या वेळी लोड ड्रायव्हरला तोच फोल्डर दाखवायचा, त्यावर मशीनचं मॉडेल आणि तारीख मात्र लिहून ठेवा.